सहावी-सातवीला नागरिकशास्त्र शिकवताना
संविधानाची प्रस्तावना पाठ करून घेण्यापासून सुरुवात करू नका. मुलं घोकतात आणि विसरतात. आधी चिठ्ठ्या करा: तुंबलेलं गटार, घरची वीज, पासपोर्ट, एसटी, पोलीस, रेल्वे. महापालिका, राज्य, केंद्र असे तीन ढीग लावायला सांगा. बडोद्यात हमखास चुकते ती वीज. रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा, म्हणून घरची वीजही तिचीच असं मुलं धरून चालतात. ती राज्य सरकारच्या कंपनीची. उत्तर लगेच देऊ नका, घरचं बिल आणायला सांगा.

मग कलम २१-क घ्या: ६ ते १४ वयाला मोफत, सक्तीचं शिक्षण, म्हणजे समोर बसलेल्यांचाच मूलभूत हक्क. महाराजा सयाजीरावांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे इथल्या मुलांना कळायलाच हवं. पण ते राजाच्या इच्छेवर होतं. मूलभूत हक्क नाकारला तर न्यायालयात जाता येतं. या फरकाला पूर्ण तास द्या.