जुन्या बाजारात मिळालेली कॉन्सर्टिना घरी दुरुस्त करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडात राहता, लहानपणापासून पेटी वाजवता, आणि परवा एका कार बूट सेलमध्ये तुम्हाला लॅशेनाल कंपनीची सहाकोनी कॉन्सर्टिना (दोन हातांत धरून, मधला भाता दाबत-ओढत वाजवायचं बटणांचं छोटं वाद्य) मिळाली. बटणं ४८. त्यातली तीन मुकी, एक न दाबताच बोलतं, आणि फोनवरचा ट्यूनर सगळेच सूर चढे दाखवतो. ती घरी उघडावी का, सूर उतरवावेत का, आणि दुरुस्त झालीच तर तिच्यावर वाजवायचं काय?

उघडा. सूर मात्र उतरवू नका. वाजवायचं काय ते शेवटी सांगतो.

मी काही कारागीर नाही. मूळचा सांगलीचा, नोकरीपायी यॉर्कशरात आलो. गेल्या अकरा वर्षांत जेवणाच्या टेबलावर जुनं धोतर पसरून पाच कॉन्सर्टिना उघडल्या आणि परत बसवल्या. पहिली थोडी बिघडवली, तेही पुढे येईलच.

तुम्ही फोटो दिला नाहीये, पण 'अंगठ्यासाठी चामड्याचं कडं आणि करंगळीसाठी पितळी पट्टी' असं लिहिलंय, त्यावरून ही इंग्लिश पद्धतीची. आयर्लंडात आणि मॉरिस या इंग्रजी लोकनाचाबरोबर जास्त ऐकू येते ती अँग्लो. तिला पंजा अडकवायचा पट्टा असतो, आणि एकाच बटणावर भाता दाबला की एक सूर, ओढला की दुसरा. तुमच्या कॉन्सर्टिनात दोन्हीकडे सूर तोच राहतो. खात्रीसाठी एक बटण दाबून भाता पुढे-मागे करून पाहा.

ही रचना चार्ल्स व्हीटस्टनची. हो, बारावीच्या फिजिक्समधल्या व्हीटस्टन ब्रिजवाला तोच. (गंमत म्हणजे तो ब्रिज मुळात सॅम्युअल ख्रिस्तीचा, १८३३ सालचा. व्हीटस्टनने तो लोकांपुढे आणला आणि नाव त्याचं चिकटलं.) घराणं वाद्यं बनवणाऱ्यांचं. तोंडाने फुंकायच्या सिंफोनियम नावाच्या चिमुकल्या वाद्याचं पेटंट त्याने १८२९ मध्ये घेतलं, त्याला भाता जोडून कॉन्सर्टिना केली आणि १८४४ मध्ये तिच्या सुधारणांचं पेटंट काढलं. लुई लॅशेनाल हा त्याच्याकडे काम करणारा स्विस कारागीर, नंतर स्वतःचा कारखाना काढून बसला. तो कारखाना १९३० च्या दशकात बंद पडला, तेव्हा तुमची पेटी नव्वदीच्या आसपास तरी आहेच, बहुधा शंभरीपार. व्हीटस्टन कंपनीच्या जुन्या विक्रीवह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत, त्यांवरून क्रमांक पाहून त्या वाद्याचं साल काढता येतं. लॅशेनालचं तसं नाही, तिथे अंदाजावरच भागवावं लागतं.

आता दुरुस्ती. आपण हार्मोनियमवाले काही बिघडलं की आधी रीडवर, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पट्टीवर, संशय घेतो. हार्मोनियमच्या दुकानात लहानपणी पाहिलेलं असतं ना, कारागीर सूर काढतो, कानशीने दोनदा खरडतो, परत लावतो. कॉन्सर्टिनाच्या रीडला मात्र शंभर वर्षांत सहसा काही होत नाही. पोलादी जीभ, पितळी चौकट, गंज चढला नसेल तर आजही नव्यासारखी. म्हातारं होतं ते चामडं. भात्याचे कोपरे, पॅड, झडपा, पाटीच्या कडेचं मऊ कातडं हे सगळं वाळतं, आकसतं, मुडपतं, आणि दोष मात्र रीडवर येतो.

उघडताना दोन्ही बाजूंना सहा-सहा लांब स्क्रू दिसतील. एकेक पूर्ण काढू नका, सगळे थोडे थोडे सैल करत जा. पुठ्ठ्याला सहा भोकं पाडून ज्या कोपऱ्यातला स्क्रू त्या भोकात खोचून ठेवा, कारण इतक्या वर्षांत प्रत्येक स्क्रू आपापल्या आट्यांना सरावलेला असतो. डावी बाजू पूर्ण बसवून झाल्याशिवाय उजवीला हात लावायचा नाही.

जाळीखाली बटणं, पितळी तरफा, स्प्रिंगा आणि हवेची भोकं झाकणारे पॅड असतात. त्याखालची लाकडी पाटी म्हणजे रीड-पॅन. ती अलगद उपसून निघते. निघण्याआधी पेन्सिलीने कडेला खूण करा, नाहीतर सहाकोनी वस्तू सहा प्रकारे परत बसते. पाटीवर कप्पे असतात, प्रत्येक कप्प्यात दोन रीड: खालच्या, म्हणजे भात्याकडच्या अंगाची रीड दाबताना वाजते, वरच्या अंगाची ओढताना. ४८ बटणांच्या ९६ रीड. प्रत्येकीच्या पाठीला चामड्याची चिंचोळी झडप, उलट दिशेची हवा अडवायला.

तुमची मुकी बटणं दोन्हीकडे मुकी आहेत की एकाच दिशेला, ते लिहिलेलं नाही. एकाच दिशेला असतील तर दहातल्या नऊ वेळा जिभेत कचऱ्याचा कण अडकलेला असतो. पातळ कागदाची पट्टी जीभ आणि चौकट यांच्यामध्ये हलकेच सरकवा आणि ओढून घ्या. जीभ वर उचलायची नाही, तेल तर नाहीच नाही. दोन्हीकडे मुकं असेल तर तरफ निसटलीय किंवा पॅड भोकालाच चिकटून बसलंय. न दाबता बोलणारं बटण म्हणजे पॅड पूर्ण मिटत नाही: स्प्रिंग ढिली, पॅड दगडासारखं कडक, किंवा बटण भोकात अडतंय. सूर उशिरा उठत असेल किंवा टक्‌ असा आवाज येत असेल तर त्या रीडची झडप वर वळलीय. आणि सूर झणझणत असेल तर पितळी चौकट खाचेत सैल झालीय. इथे हिवाळ्यात घरातल्या हीटिंगने लाकूड वाळतं तेव्हा हे हमखास होतं. अंगठ्याने चौकट खाचेत घट्ट सरकवली की बहुतेकदा भागतं, नाही भागलं तर कडेला कागदाची एक घडी. पावसाळ्यात मुंबईला घेऊन गेलात तर उलटं होईल, लाकूड फुगून चौकट आवळेल आणि जीभ अडकेल. माझी एक कॉन्सर्टिना जुलैत दादरला चार दिवसांत मुकी झाली होती आणि इकडे परत आल्यावर आपोआप बोलायला लागली.

चिकटवायला सरस किंवा पाण्यात विरघळणारा साधा डिंक घ्या. ज्याने चिकटवाल ते पुढच्या माणसाला सोडवता आलं पाहिजे. झटपट चिकटणारा गोंद, सेलोटेप, विजेची काळी टेप हे भात्याचे शत्रू. माझ्या दुसऱ्या पेटीच्या भात्याला कुणीतरी काळी टेप लावली होती. ती काढायला मला तीन रविवार लागले आणि टेपेबरोबर मूळचा सोनेरी नक्षीचा कागदही निघून आला.

पहिल्या पेटीचं पाप माझंच. एक रीड खूप उतरलेली वाटली. मला एवढं ठाऊक होतं की टोकाकडे खरडलं की सूर चढतो आणि बुडाशी खरडलं की उतरतो. टोकाकडे दोन हात मारले, सूर जुळला, मी खूश. महिनाभराने झडप बदलली तर तीच रीड चांगली चढी! उतरली होती ती रीड नव्हतीच, मुडपलेली झडप हवेच्या वाटेत येत होती. मग बुडाशी खरडून परत उतरवली. आता ती जीभ दोन्हीकडून बारीक झालीय आणि जोरात वाजवली की कण्हते. खरडलेलं पोलाद कुठून परत आणणार?

तुमच्या चढ्या सुरांकडे येतो. सगळेच सूर साधारण सारखे चढे असतील, आणि तो चढ अर्ध्या स्वराच्या जवळपास निम्मा असेल, तर तुमची पेटी बेसूर नाही, ती तिच्या काळाच्या पट्टीत आहे. व्हिक्टोरियन काळात इथे ए हा सूर म्हणजे सेकंदाला साधारण ४५२ कंपनं अशी उंच पट्टी चालायची, आजची ४४० ची पुढे आली. फरक सत्तेचाळीस सेंटच्या आसपास पडतो (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट). इतरांबरोबर बसून वाजवायचं असेल तर अडचण आहे खरी, तेव्हा जाणकाराकडून पट्टी बदलून घ्यायची की नाही ते ठरवता येईल. घरी एकट्याने किंवा गाणाऱ्या माणसाबरोबर वाजवायचं असेल तर कशाला हात लावायचा? आपल्याकडे काय, गाणारा म्हणेल ती पट्टी.

वाजवण्याबद्दल. हार्मोनियमवरून आलेल्याला पहिला आठवडा वेड लागतं, कारण सप्तक एका रांगेत नाही. स्टाफवर, म्हणजे पाश्चात्य लिपीच्या पाच ओळींवर, ओळीवर लिहिलेले सूर डाव्या हाताला, ओळींमधल्या जागेतले उजव्या हाताला. म्हणजे मधला सी हा सा धरला तर सा डावा, रे उजवा, ग डावा, म उजवा, असं एकाआड एक. सूर सात, म्हणजे विषम, म्हणून वरचा सा येतो तो उजव्या हाताला. भूप घ्या: सा डावा, रे उजवा, ग डावा, प डावा, ध उजवा, वरचा सा उजवा. पुढच्या सप्तकात हेच बरोबर आरशातल्यासारखं उलटं. मी पहिला महिना फक्त भूपाचे पलटे घोकले, आणि बोटांना कोडं सुटलं ते तिथेच. मोबदला असा की सा-ग-प तिन्ही एकाच हातात त्रिकोणात येतात, आणि दोन हातांवर वाटलेली जलद तान हार्मोनियमपेक्षा सोपी जाते. भाता मात्र प्रत्येक सुराला उलटवू नका, गाणारा श्वास घेतो तिथे उलटवा. एक बाजू मांडीवर टेकवा, दुसरी हलवा.

काय वाजवायचं? या वाद्यासाठी मैफलीचं संगीतही लिहिलं गेलंय, जुलिओ रेगोंडीसारखे वादक एकोणिसाव्या शतकात सभागृहं भरवायचे. पण मी सांगेन, इथल्या नाचाच्या चालींपासून सुरुवात करा. सोळा-सोळा मात्रांचे दोन भाग, झालं. त्या एबीसी नावाच्या लिपीत फुकट आणि ढिगाने मिळतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ख्रिस वॉल्शॉ यांनी ती संगणकासाठी रुळवली. तुम्ही भातखंडे लिपीत बंदिशी लिहिल्या असतील तर दहा मिनिटांत येईल, कारण तत्त्व तेच, सुरांना अक्षरं. आपण मंद्र-तारासाठी टिंब देतो, तिथे मोठी अक्षरं मधल्या सीपासूनच्या सप्तकाची आणि छोटी त्याच्या वरच्या. वर पाच ओळींचा मथळा: एक्स म्हणजे क्रमांक, टी नाव, एम ताल, एल एका अक्षराची लांबी, के म्हणजे चालीची 'की', तिचा आधारस्वर आणि सप्तक. मग चाल. साध्या ईमेलमध्ये मावते, संगणक तिचा स्टाफ करून देतो आणि वाजवूनही दाखवतो. इंटरनॅशनल कॉन्सर्टिना असोसिएशन १९५२ पासून आहे, तिच्याकडे जुन्या छापील संगीताचा साठा आहे, तिथेही विचारा.

पुढे तुम्हीही चाली उतरवून वाटाल, तेव्हा एक सांभाळा. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी वडिलांची हस्तलिखित वही मला उतरवायला दिली होती. एका चालीत शेवटच्या ओळीत एक मात्रा जास्त. मी चूक समजून काढली आणि चार जणांना पाठवलीसुद्धा. आजींनी ऐकलं आणि म्हणाल्या, 'अरे, तिथे उडी असते, ती कुठे गेली?' आता वहीत असतं तसंच उतरवतो आणि माझी शंका खाली वेगळी लिहितो.

उघडण्याआधी एक तपासा. मधल्या दोन रांगा शुद्ध स्वरांच्या, बाहेरच्या दोन कोमल-तीव्रांच्या. मधल्या सीच्या सप्तकातला 'जी' हा सूर डावीकडे आहे, त्याच्या बाहेरचं बटण जी शार्प. त्याच सप्तकातला ए उजवीकडे, त्याच्या बाहेरचं बटण ए फ्लॅट. हार्मोनियमवर ही दोन्ही एकच काळी पट्टी. दोन्ही बटणं एकदम दाबा. आवाज एकजीव आला तर मधे कुणीतरी आजच्या पद्धतीने सूर लावलेले आहेत. थरथरला, लाटा आल्या, तर पेटी अजून सूर लावण्याच्या मूळच्या जुन्या पद्धतीत असण्याची शक्यता आहे. त्या पद्धतीत हे दोन सूर मुद्दाम वेगळे ठेवत. आमच्या सांगलीच्या कृ. ब. देवलांनी क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुती-हार्मोनियमची (बाराऐवजी बावीस श्रुतींच्या पेटीची) खटपट केली ती याच काळ्या पट्टीच्या भांडणातून. लाटा आल्या तर स्क्रूला हात लावण्याआधी फोनवर दोन्ही सूर रेकॉर्ड करून इथे टाका.