उत्तराखंडातल्या केदारकंठा ट्रेकसाठी ४५ लिटरच्या सॅकमध्ये थंडीचं सामान मावत नाही. सॅकमध्ये काय बदल करून घेता येतील?

तुमची अडचण अशी दिसते: डिसेंबरात केदारकंठा, स्लीपिंग बॅग आणि पिसांचं जाकीट भरलं की सॅक संपते, आणि नवी घ्यायची नाही. हीच सॅक नक्की चालेल. फक्त तिचं पोट कापून कापड वाढवायच्या भानगडीत पडू नका. वजन पेलणाऱ्या शिवणी त्यात कमकुवत होतात. थंडीचं सामान जागा खातं, पण वजनाला हलकं असतं. म्हणून त्यातल्या काही गोष्टींची सोय बाहेरून करायची.

कुठल्या गोष्टी, हे आधी ठरवा. पिसांची ऊब त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे असते. ओली झाली की पिसं गोळा होतात आणि जाकीट असून नसल्यासारखं होतं. त्यामुळे जाकीट आणि स्लीपिंग बॅग आतच, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. बाहेर जाईल फोमची मॅट, कारण ती पाणी पीत नाही. शिवाय वरून घालायचं वॉटरप्रूफ जाकीट आणि गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायची आवरणं). एवढ्यानेही आत चांगली जागा होते.

यासाठी दोन कामं करून घ्या. बुडाला मॅट अडकवायला दोन पट्टे, आणि पाठीच्या उलट बाजूला एक फ्लॅप: खालची कड सॅकला शिवलेली, वरची दोन टोकं बकलने अडकणारी. या फ्लॅपमागे वॉटरप्रूफ जाकीट नुसतं खुपसायचं. बर्फ पडायला लागला की सॅक न उघडता हाताशी येतं.

पंचवीस मिलिमीटरचे नायलॉनचे पट्टे आणि बकलं पुण्यात रविवार पेठेत मिळतील. शिवायला मात्र बॅग दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या, घरच्या मशीनची सुई इतक्या थरांतून जात नाही. तिथे उभं राहून एवढं बघा: पट्ट्याचं टोक नुसतं कापडावर ठेवून टीप मारू देऊ नका. शिवण इंचभर उसवायची, टोक दोन कापडांच्या मध्ये सरकवायचं आणि त्याच रेषेवर दोन-तीनदा टीप मारायची. मग ताण शिवणीवर येतो, कापड फाटत नाही. जिथे शिवणच नाही तिथे चौकोनी टीप, त्यात फुली, आणि आतून पट्ट्याचाच एक तुकडा आधाराला. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा. सुती दोरा ओला राहून कुजतो. सुईच्या भोकांवर आतून सीम सीलर (शिवणीतून पाणी झिरपू न देणारा लेप) फिरवा आणि पट्ट्यांची कापलेली टोकं मेणबत्तीवर वितळवून घ्या.

बकल घेताना कंजुषी नको. स्वस्त प्लास्टिक कडाक्याच्या थंडीत तडकतं, आणि लहान बकल हातमोजे घालून उघडत नाही. दुकानातच जाड हातमोजे घालून उघडून बघा, दुकानदार हसला तरी. चेनच्या रनरलाही दोरीचा फास बांधा.

मग सगळं भरून एका पहाटे सिंहगड चढा. मॅट हलत असेल किंवा सॅक मागे ओढत असेल तर पहिल्या चढातच कळेल. जड सामान पाठीला चिकटून आहे ना बघा, पट्टे आवळा, लोंबणारी टोकं खोचून टाका. झाडीच्या अरुंद वाटेवर तीच अडकतात.