गुहागरहून बारावी झाले. दापोली, लोणेरे, रत्नागिरी की पुण्याचं खासगी विद्यापीठ?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. बारावी सायन्स, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही, सीईटीचे दोन्ही ग्रुप दिलेले. ओबीसी प्रवर्ग, वडिलांची आंबा-काजूची थोडी कलमं, उत्पन्न आठ लाखांच्या पुष्कळ खाली. समोर चार वाटा: दापोलीला कृषी, लोणेऱ्याला इंजिनीअरिंग, रत्नागिरीत बीएस्सी, नाहीतर पुण्याजवळचं एक खासगी विद्यापीठ, ज्यांचा ‘सीट बुक करा’ म्हणून रोज फोन येतोय. यातलं मोठं विद्यापीठ कुठलं, असं तू विचारलंयस.

मी चिपळूणकडे अकरावी-बारावीला शिकवते, म्हणून तुला अगं-तुगंच करते. मोठं कुठलं हे आधी बाजूला ठेव. पदवीच्या वर्षांत मुलांना विद्यापीठ फारसं भेटतच नाही. भेटतो तो विभाग, तिथले चार-पाच शिक्षक, प्रयोगशाळा आणि वसतिगृह. निवड त्यावर कर.

नावावर जाऊन आपल्याकडची मुलं कशी फसतात ते सांगते. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, म्हणजे आपलं ‘बाटू’, १९८९ च्या कायद्याने झालं. आता राज्यभरातली कितीतरी खासगी इंजिनीअरिंग कॉलेजं त्याला संलग्न आहेत. पदवीवर नाव एकच, पण लोणेऱ्याच्या आवारात शिकणं वेगळं आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या संलग्न कॉलेजात शिकणं वेगळं. दापोलीचंही तसंच. कोकण कृषी विद्यापीठाची स्वतःची, म्हणजे विद्यापीठच चालवतं ती घटक महाविद्यालयं आहेत आणि संलग्न खासगीही आहेत. पर्याय भरताना विद्यापीठाचं नाव वाचून थांबू नकोस, कॉलेजचं पूर्ण नाव आणि गाव वाच.

रत्नागिरीच्या बीएस्सीला लोक उगाच कमी लेखतात. ती पदवी मुंबई विद्यापीठाचीच, जे १८५७ पासून आहे. कॉलेज स्वायत्त असलं तरी पदवी विद्यापीठाचीच मिळते. फिजिक्स किंवा केमिस्ट्री खरंच आवडत असेल तर तीन वर्षं घराजवळ राहून मनापासून शिकावं आणि ‘जॅम’ ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत जावं, हा रस्ता पूर्ण खुला आहे. फक्त एक चौकशी कर: तुझ्या विषयाला कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासागणिक मानधनावरचे किती. तासिकेवरचेही जीव तोडून शिकवतात, पण पुढच्या वर्षी ते तिथे असतीलच असं नाही. विषय आवडत नसेल तर मात्र ‘काहीच मिळालं नाही म्हणून बीएस्सी’ करू नकोस.

पैशांचं सरळ सांगते. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. कॉलेज स्वतः भरतं त्या संस्थास्तरावरच्या जागांना आणि खासगी विद्यापीठांना ही सवलत नाही. म्हणजे दापोली-लोणेऱ्याला तुझ्या घरच्यांवर मुख्यतः राहण्या-जेवणाचा भार येईल आणि पुण्याच्या त्या विद्यापीठात सगळाच. कलमं गहाण टाकून तिथे जाऊ नकोस, हे माझं ठाम मत आहे. बाबा ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणाले तरी. तरीही पैसे भरायची वेळ आलीच, तर पावतीशिवाय भरू नकोस आणि मूळ गुणपत्रिका तिथे ठेवून येऊ नकोस. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायची संस्थेला परवानगी नाही, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच तसं बजावलंय.

आता उरले दापोली आणि लोणेरे, आणि इथे तुला स्वतःलाच विचारावं लागेल. दापोलीची बीएस्सी ऑनर्स कृषी चार वर्षांची आहे आणि त्यात शेतावर उभं राहून काम असतं. शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात जाऊन शेतकऱ्यांबरोबर राहायचं असतं. तुमच्या बागेत काजूची वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ही कलमं असतील, तर ती याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातली. रत्ना आणि सिंधू हे आंबेही याच विद्यापीठाचे. मोहोर का गळतो, आंब्याच्या गरात साका का होतो हे प्रश्न तुला घरीच पडत असतील, तर दापोली पहिल्या क्रमांकावर टाक. मत्स्यशास्त्राचा विचार केलायस का? रत्नागिरीजवळ शिरगावला या विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, आणि जीवशास्त्र असल्यामुळे ती वाट तुला मोकळी आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या मुलांना ते सुचतच नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. याउलट गणित सोडवताना तुझा वेळ कसा जातो ते कळत नसेल, तर लोणेरे वर घे.

दोन्ही ठिकाणी फॉर्म भरण्याआधी जाऊन ये. दापोली तुला लांब नाही, धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलं की झालं. लोणेरे मुंबई-गोवा महामार्गावरच आहे. प्रवेश कक्षात माहितीपुस्तिका मिळेल, पण तेवढ्यावर परतू नकोस. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ. प्रॅक्टिकल खरंच होतात का, वसतिगृहात पहिल्या वर्षाला खोली मिळते का, पावसाळ्यात पाणी-वीज कशी, रात्री आजारी पडलं तर कोण नेतं, हे त्या खरं सांगतील.

पर्यायांचा क्रम मनापासून हवं तसा लाव, ‘मिळेल’ म्हणून नको. इंजिनीअरिंगच्या पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का होतो, मग पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. कृषीची प्रक्रिया वेगळी चालते, तिची माहितीपुस्तिका स्वतंत्र वाच आणि सातबाऱ्याच्या भारांशाचा, म्हणजे शेतजमिनीमुळे मिळणाऱ्या जादा गुणांचा नियम यंदा काय आहे तेही त्यात बघ.

आणि उद्याच तहसीलला जा. नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला हातात आहे का? जात पडताळणी झाली आहे का? जूनमध्ये सेतू केंद्रात रांगा लागतात, पाऊस सुरू झाला की नेटही जातं. जात पडताळणीचा अर्ज अजून केला नसेल तर आधी तो कर आणि पावती जपून ठेव. सीईटीचे दोन्ही पर्सेंटाइल इथे लिहिलेस तर क्रम कसा लावायचा ते मी बघून सांगेन.