इंदूरमध्ये पहिला प्रोजेक्ट म्हणून जुनी फोर-बाय-फोर घ्यायची, तर काय बघून घ्यावी?

तुमचा प्रश्न असा, की तीन-साडेतीन लाखांत जुनी जिप्सी घ्यावी की महिंद्राची जीप, आणि गाडी बघायला गेल्यावर नेमकं काय तपासावं. स्वतःच्या हाताने काम शिकायचंय आणि पावसाळ्यात चोरल-जानापावकडे जायचंय, असंही तुम्ही लिहिलंय.

आधी कागद बघा, मग चासी, मग पुढचा अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी). इंजिन शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. बॉनेट उघडतात, स्टार्ट मारतात, आवाज गोड वाटला की बयाणा देऊन मोकळे होतात. जिप्सीच्या इंजिनाचं काम कुठलाही बरा मिस्त्री करतो, रिंगा-बेअरिंगं बाजारात मिळतात. सडलेली चासी आणि घोळातली आरसी यांना मात्र स्वस्तातला इलाज नाही.

गाडी कुठली, तर पहिल्या प्रोजेक्टला माझी पसंती 1.3 लिटरच्या जिप्सी किंगला, आणि त्यातही 2000 नंतरच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनच्या) मॉडेलला. 1985 साली आलेल्या पहिल्या जिप्सीचं इंजिन 970 सीसीचं होतं. घाटात ते दमतं. 1996 च्या किंगला 1298 सीसीचं 60 हॉर्सपॉवरचं कार्बोरेटर इंजिन आलं, एमपीएफआयमध्ये तेच 80 पर्यंत गेलं. मारुतीने ही गाडी तीस वर्षांहून जास्त काळ बनवली, त्यामुळे पार्ट्स मिळतात. महिंद्राची एमएम 540 किंवा डीआय इंजिनवाली जीप टिकाऊ खरी, डिझेलचा जोरही चांगला. पण त्या जीप बाजारात मूळ रूपात फार थोड्या उरल्या आहेत. चासी एका गाडीची, गिअरबॉक्स दुसरीचा, इंजिन तिसरीचं, आणि आरसीवर चौथंच काही. शिकणाऱ्याला आधी गाडी मुळात कशी होती ते कळायला हवं, म्हणून मी जिप्सी सांगतोय.

आता कागद. गाडी एमपी 09 असेल तर सगळ्यात सोपं. परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, चलान किती, रजिस्ट्रेशन कधीपर्यंत, हे घरबसल्या दिसतं. बोजा दिसला तर तो उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी विकणाऱ्याकडूनच मागा, ‘नंतर देतो’ चालवून घेऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30 लागतात. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं; पुढे दर 5 वर्षांनी गाडी तपासणीला नेऊन नूतनीकरण करावं लागतं. 20 वर्षांवरच्या चारचाकीला त्याची फी 2025 च्या ऑगस्टपासून 10,000 रुपये झाली आहे, आणि मुदत टळून गेली असेल तर महिन्याला 500 रुपये वेगळे. सौदा करताना हे पैसे किमतीतून वजा करून बोला.

दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथे 10 वर्षांवरचं डिझेल आणि 15 वर्षांवरचं पेट्रोल चालवायला अडचण आहे. अशी गाडी घेण्याआधी गाडी दुसरीकडे नेण्यासाठीची फॉर्म 28 ची एनओसी प्रत्यक्ष हातात आहे का ते बघा. रजिस्ट्रेशनच रद्द झालं असेल तर घेऊ नका. एनओसी असली तरी नायता मुंडल्याच्या आरटीओत नवा नंबर आणि मध्य प्रदेशचा टॅक्स पुन्हा भरावा लागेल, तो आधी विचारून ठेवा.

महूची लष्करी छावणी शेजारीच असल्यामुळे मिलिटरी लिलावातल्या जिप्सीचा मोह इंदूरकरांना होतोच. अशा गाडीला आधीची आरटीओची आरसी नसते, संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने दिलेलं फॉर्म 21 चं विक्री प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर नव्याने नोंदणी करावी लागते. मधल्या दलालाकडे फक्त लिलावाची पावती असेल तर निघून या. पहिल्या गाडीला हे प्रकरण नकोच.

चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः जुळवा. नंबरावरची घाण तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढा, पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासा. आकडे एका रांगेत, एका खोलीचे, एकाच वळणाचे उमटायला हवेत. आजूबाजूचा पत्रा घासलेला, वेल्डिंग केलेला किंवा तेवढ्याच जागी नवा रंग असेल तर पुढे बघायची गरज नाही.

मग गाडीखाली झोपा. टॉर्च, जुना स्क्रूड्रायव्हर आणि लहान हातोडी सोबत ठेवा. आपल्याकडची काळी माती चासीच्या पोकळीत जाऊन बसते आणि पाऊस संपल्यावरही ओल धरून ठेवते, म्हणजे गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा रंग चांगला दिसेल, पण हातोडी हलकेच मारल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बसका ‘थप’ आला तर तिथे पत्रा पातळ झालाय. मागच्या पाट्यांचे शॅकल (पाटे टांगणाऱ्या कड्या) जिथे चासीला धरतात ती जागा, मागचा आडवा मेंबर, बॉडी माउंटच्या भोवतीचा भाग, पायाखालचा फ्लोअर आणि काचेच्या फ्रेमचा तळ, इथे नीट वेळ द्या. फ्लोअरचा पत्रा बदलता येतो, डेंटरचं ते रोजचं काम आहे. शॅकलजवळची चासी गेली असेल तर गाडी सोडा. खालून नुकताच काळा अंडरकोट मारलेला असेल तर मी तरी तो गंज लपवण्यासाठीच मारलाय असं धरून चालेन.

पुढचा अ‍ॅक्सल. पुढचं एक चाक जॅकवर उचला, वर आणि खाली हात धरून हलवा. खेळ जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा. राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती खीळ) बेअरिंगचा. 50-60 च्या वेगाला स्टीअरिंग थरथरण्याचं एक मोठं कारण हेच किंगपिन असतं. लोक मात्र नुसता स्टीअरिंग डँपर बदलतात आणि महिन्याभरात परत तेच. नकलच्या (किंगपिनवर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागाच्या) गोळ्यावर ग्रीसऐवजी पातळ तेलकट चिखल दिसला तर अ‍ॅक्सलचं आतलं सील गेलंय. डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये येतं, ग्रीस धुऊन नेतं, आणि सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा) कोरडा पडून झिजतो. सील स्वस्त आहे, पण त्यासाठी सगळी नकल खोलावी लागते. शिकायला हे काम उत्तम. फक्त किंगपिनखालच्या शिमा (पातळ चकत्या) कुठल्या वरच्या, कुठल्या खालच्या, डावीकडच्या की उजवीकडच्या, हे खूण करून वेगळं ठेवा.

फोर-व्हील कच्च्या मैदानातच टाकून बघा, डांबरावर नाही. जिप्सीत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं सेंटर डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळतात. पुढची चाकं शाफ्टला जोडणारे, हाताने लावायचे फ्री-व्हील हब असतील तर ते आधी लॉक करा. 4H (फोर-व्हीलचा नेहमीचा गिअर) मध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. ‘कट-कट’ आली तर सीव्ही जॉइंट. मग 4L (हळू, जास्त जोराचा गिअर) टाकून उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडा. लिव्हर उडून न्यूट्रलला आला तर ट्रान्सफर केस आतून झिजलाय. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, रबरी माउंटांवर टांगलेला असतो आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. हे माउंट फाटले तरी थरथर आणि आवाज येतो, म्हणून केस खोलायच्या आधी माउंट आणि शाफ्टचे क्रॉस बघा.

इंजिनासाठी कॉम्प्रेशन टेस्ट पुरे. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. चारही सिलिंडर 170 पीएसआयच्या वर आणि आपसात 15 च्या आत असावेत. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट.

वायरिंग, सीट, हूड यांकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल.

गाडी घरी आली की लगेच सगळं खोलू नका. अर्धवट उघडलेल्या जिप्सी वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम बदला, आधीच्या मालकाने ‘नुकताच टाकलाय’ म्हटलं तरी. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने कडक होऊन तडकतात, त्या नव्या टाका. गिअरबॉक्स, ट्रान्सफर आणि दोन्ही डिफरन्शियल मिळून साधारण साडेपाच लिटर गिअर ऑइल लागतं, सहा आणा. भरण्याचा प्लग आधी सैल करून घ्या आणि मगच खालचा उघडा, नाहीतर वरचा अडकला तर गाडी रिकामी उभी राहील. निघालेलं ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. बारीक करडी पेस्ट चालते, चमकणारे तुकडे नाहीत. पाण्यातून जाताना आत पाणी ओढलं जाऊ नये म्हणून डिफरन्शियलच्या ब्रीदरला (हवा जायच्या छिद्राला) नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधा.

गाडी उंच करणारं लिफ्ट किट आणि मोठे टायर पहिल्या वर्षी नकोत. 205/70 आर 15 या मूळ मापातच चांगले टायर घ्या. मोठ्या टायरने सीव्ही जॉइंटवर ताण येतो, ब्रेक अपुरे पडतात, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे तपासणीला अडतं. आणि जुलैतल्या काळ्या शेतरस्त्यावर टायर कुठलाही असो, खाचा भरून गुळगुळीत होतोच. तिथे दुसरी गाडी आणि दोर सोबत हवा.

बजेटचा एक तृतीयांश भाग गाडीच्या किमतीत घालू नका, तो पार्ट्स आणि आरटीओसाठी बाजूला ठेवा. साडेतीन लाख असतील तर साधारण सव्वादोनच्या आतलीच गाडी शोधा.