स्ट्रॉबेरीवर प्लॅस्टिकचा बोगदा घालण्याआधी विहिरीचं पाणी तपासा

दादा, रोपं मागवायच्या आधी विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. तुमची जमीन खाडीलगतची, आणि स्ट्रॉबेरीला खारं पाणी अजिबात सोसत नाही. ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, ०.७ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या खाली हवा. खाडीकाठच्या विहिरी दिवाळीत गोड असतात आणि शिमग्याच्या सुमारास मचूळ होतात, नेमकी फळं झाडावर असताना. म्हणून नमुना उन्हाळ्यातला द्या. पानांच्या कडा करपायला लागल्या की क्षार चढलेत, असं समजा.

महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे, तिथली थंडी इथे धरून चालू नका. परतीचा पाऊस सरला की नोव्हेंबरात लागवड करा. 'विंटर डॉन'सारखी लवकर फळणारी जात बरी. जांभ्याची आम्लधर्मी माती चालते, गादीवाफा मात्र उंच हवा. रोपाचा गड्डा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, मातीच्या पातळीलाच ठेवा. गाडला तर कुजतो, वर राहिला तर मुळं सुकतात.

इथे बोगदा लागतो तो दव आणि अवकाळी सरींपासून फळ वाचवायला; ऊब आपल्याकडे आहेच. तेव्हा सकाळी ऊन चढायच्या आत दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक वर गुंडाळा. आतून थेंब ठिबकताना दिसले की राखाडी बुरशी आलीच. उघड्या बाजूंनी मधमाश्याही शिरतात. परागीभवन अपुरं राहिलं तर फळ वेडंवाकडं होतं. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका, हे अगदी कळकळीने सांगतो.

पहिल्या वर्षी दोन-तीन वाफेच करा. फळ नाजूक, जवळचं गिऱ्हाईक आधी बघून ठेवा.