डोंगरावरचं आणि डोंगराखालचं रोप वेगळं दिसतं: हा फरक एकदाच पडला की दर डोंगरावर नव्यानं?

तुम्ही विचारलंय की एकाच वनस्पतीचं रूप उंचावर एक आणि खाली दुसरं दिसतं, शेजारच्या डोंगरावरही हुबेहूब तसंच, तर हा फरक एकदा पडून सगळीकडे पसरला की प्रत्येक डोंगरावर स्वतंत्रपणे पडला? आणि मग त्या दोन जाती मानायच्या का?

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. या प्रश्नाला मी नेहमी आल्प्सच्या आग्नेय भागातलं हेलिओस्पर्मा पुसिलम पुढे करते. कार्नेशनच्या कुळातलं हे चिमुकलं रोप, पांढरं फूल, पाकळीच्या टोकाला चार दात. त्याचं एक रूप वृक्षरेषेच्या वर, म्हणजे जिथे झाडं वाढायची थांबतात त्याच्याही वर, सुट्या दगडांच्या ओलसर उतारांवर वाढतं. त्याची पानं जवळजवळ गुळगुळीत. दुसरं खाली, खोल दऱ्यांमधल्या पुढे झुकलेल्या कड्यांच्या कपारीत. तिथे पाऊस थेट पडत नाही, ऊनही बेताचंच. या खालच्या रूपावर दाट, चिकट लव असते. आपल्याकडची पिवळी तिळवण हाताळली की बोटांना जो चिकटपणा लागतो, तो लवेच्या टोकावरच्या ग्रंथींचा. इथेही तसल्याच ग्रंथी आहेत.

आधी पाहायचं ते हे, की हा फरक उपजत आहे की जागेचा परिणाम? ही परीक्षा घ्यायची रीत जुनी आहे. स्वीडनच्या गोटे ट्युरेसन यांनी निरनिराळ्या ठिकाणची रोपं एकाच बागेत वाढवली आणि 1922 मध्ये ‘इकोटाइप’ हा शब्द दिला, म्हणजे एकाच जातीतलं, विशिष्ट जागेला उपजतच जुळलेलं रूप. पुढे कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक आणि हीसी यांनी एकाच रोपाचे तुकडे करून ते साधारण 30, 1400 आणि 3050 मीटर अशा तीन उंचींवर लावले. त्यातली पोटेंटिला नावाच्या वनस्पतीची किनाऱ्याकडची रोपं सगळ्यात वरच्या ठिकाणी टिकली नाहीत. हे काम 1940 साली प्रसिद्ध झालं, आणि माझ्या मते इतका स्वच्छ प्रयोग या विषयात क्वचितच झाला असेल. हेलिओस्पर्माच्या बाबतीतही तेच दिसलं: सारख्या हवामानात वाढवली तरी लव असलेली लव घेऊनच वाढली, आणि जागांची अदलाबदल करून लावली तेव्हा ज्याला त्याला आपलीच जागा मानवली. म्हणजे फरक उपजत.

आता तुमचा मूळ प्रश्न. लव एकदाच आली असती, तर सगळ्या दऱ्यांमधली लवदार रोपं एकमेकांची सख्खी निघायला हवीत. नव्यानं येत गेली असेल, तर प्रत्येक लवदार रोपाचं जवळचं नातं त्याच डोंगरावरच्या गुळगुळीत रोपाशी असायला हवं. व्हिएन्ना आणि इन्सब्रुकच्या संशोधकांनी डीएनए तपासला तेव्हा दुसरं खरं ठरलं. इथे एक शंका रास्त आहे: शेजाऱ्यांमध्ये परागांची देवाणघेवाण झाली तर तेवढ्यानंही नातं जवळचं दिसेल. म्हणूनच त्यांनी या रोपगटांच्या इतिहासाच्या वेगवेगळ्या शक्यता गणितानं ताडून पाहिल्या. कौल स्वतंत्र उत्पत्तीच्याच बाजूनं गेला.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते याच्या पुढचं. प्रत्येक जोडीत वरच्या आणि खालच्या रोपांत कुठली जनुकं कमीजास्त काम करतात, हे पाहणारा अभ्यास 2023 मध्ये आला. प्रत्येक जोडीत अशी जनुकं भरपूर सापडली, पण सगळ्या जोड्यांत सामाईक निघाली ती अगदी थोडी. त्या जनुकांची कामं मात्र बऱ्याच अंशी तीच. म्हणजे प्रश्न तोच, उत्तरही तेच, फक्त रीत दर दरीत वेगळी. हे शक्य होतं कारण असे गुण एकट्यादुकट्या जनुकावर चालत नाहीत. अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात, त्यामुळे नैसर्गिक निवडीला हाताशी असेल ते घेऊन काम भागवता येतं. एकच गुण असा वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे येण्याला समांतर उत्क्रांती म्हणतात. “समांतर उत्क्रांती म्हणजे तेच जनुक पुन्हा बदलणं” असं विद्यार्थी सर्रास लिहितात. तसंही घडतं, पण इथे तसं घडलेलं नाही.

राहिलं जातींचं. कपारीतल्या लवदार रोपांना हेलिओस्पर्मा वेसेल्स्कीई असं वेगळं नाव दिलेलं आहे. पण दोघांचा संकर होतो आणि त्या संकरातून पुढची पिढीही धरते. शिवाय प्रत्येक दरीतलं लवदार रोप आपल्या वरच्या गुळगुळीत भावंडाला अधिक जवळचं असेल, तर दूरदूरच्या दऱ्यांतली लवदार रोपं गोळा करून एका नावाखाली बांधणं म्हणजे जे घराणं कधी नव्हतंच ते उभं करणं. मी वर्गात ते नाव सांगते, कारण पुस्तकांत भेटतं. पण हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, चिठ्ठीवर ‘पुसिलम, कपारीतला इकोटाइप’ असंच लिहायला लावते, आणि दरीचं नाव न चुकता.