‘लिबरल फॅसिझम’ या पुस्तकावर वाचकांचे इतके टोकाचे मतभेद का आहेत?

जोना गोल्डबर्ग या अमेरिकी रूढिवादी भाष्यकाराचे हे पुस्तक २००८ साली आले, आणि त्यावरचे मतभेद मुखपृष्ठापासूनच सुरू होतात: हसऱ्या गोल चेहऱ्यावर हिटलरची मिशी. फॅसिझमची मुळे डाव्या विचारांत आहेत, हा त्यातील मुख्य दावा. आपल्याला ऊठसूट ‘फॅसिस्ट’ म्हटले जाते, याने दुखावलेल्या उजव्या वाचकांना या पुस्तकात हक्काचे उत्तर सापडले, आणि ती भावना मला खरी वाटते. पुरोगामी मानले जाणारे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या काळात, १९१८च्या राजद्रोहविषयक कायद्यान्वये, पहिल्या महायुद्धाविरुद्ध बोलणाऱ्यांना तुरुंगात टाकले गेले, ही पुरोगाम्यांना अडचणीची आठवण लेखकाने करून दिली, हेही योग्यच झाले.

इतिहासकारांचा आक्षेप मात्र मला अधिक वजनदार वाटतो. इटलीत फॅसिझम उभा करणारा हुकूमशहा मुसोलिनी आधी समाजवादी होता हे खरे, पण १९१४ मध्ये त्याला पक्षातून काढून टाकण्यात आले, आणि पुढे सत्तेवर आल्यावर त्याने जमीनदार व उद्योगपतींशी जुळवून घेत कामगारांचा संपाचा हक्कच काढून घेतला. रॉबर्ट पॅक्स्टन यांच्यासारख्या अभ्यासकांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले, कारण त्यांच्या मते फॅसिझम ओळखायचा तो त्याच्या घोषणांवरून नव्हे, तर कृतीवरून.